माळवदकर सर आणि कुलपातली डबी

चांगल्या माणसांवर लिहिणारे लई आहेत. कुणाला जन्माला पुरतील असे गुरुजी भेटतात, कुणाला शेजारी देवमाणूस मिळतो. मला माळवदकर मिळाला. जे पदरात पडलं त्याच्यावरच लिहायचं, दुसऱ्याचा माणूस कुठून उसना आणू?

तोंडावर मी त्याला ‘सर’ म्हणत होते, अहोजाहो करत होते, कारण नोकरी होती. इथं ‘तो’ म्हणणार आहे. एवढी तरी मोकळीक मला पाहिजेच.

सोलापुरात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. मी तिथली जुनी टेक्निशियन. शहरातल्या लहान दवाखान्यांची सॅम्पलं आमच्याकडं येतात, शिवाय वैरागकडून, अक्कलकोटकडून माणसं एसटीनं येऊन रिपोर्टसाठी बाकड्यावर बसून राहतात. माळवदकर आमच्याकडं ‘सिस्टीम’ बघायचा. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं यंत्र, सगळं त्याच्या ताब्यात. पण त्याचा खरा जीव होता एका डबीत.

त्या डबीचं आधी सांगते, नाहीतर माणूस कळायचा नाही. आमचं रक्त तपासायचं मशीन जुनं. कामाला चोख, पण नेटवर्कचं त्याला काही कळत नाही. त्याच्या पाठीतून एक जाड सिरीयल केबल निघते आणि त्या केबलीतून ते आपले आकडे सांगत बसतं. रिपोर्ट काढायचा कॉम्प्युटर बाहेर काउंटरवर, नेटवर्कच्या तारेवर. दोघांच्या मधे ही तळहाताएवढी डबी. मशीनकडून ऐकायचं आणि कॉम्प्युटरला सांगायचं, एवढंच तिचं काम. ते ती करायची, आणि मधूनच करायची नाही. डबीवरचे दिवे लुकलुकतायत, मशीन आकडे देतंय, आणि काउंटरच्या स्क्रीनवर काही म्हणजे काही नाही.

आम्ही डबी म्हटलेलं त्याला खपत नसे. “डबी काय म्हणता, मॅडम? शेंगाचटणी भरून ठिवलीय का त्यात? डिव्हाइस सर्व्हर म्हणा की.” हे तो नव्या माणसासमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा. मग आम्ही त्याच्यासमोर सर्व्हर म्हणायला लागलो आणि पाठीमागं डबीच म्हणत राहिलो.

सुरुवातीला या दुखण्यावर उपाय सोपा होता. काउंटरवर आमची रेहाना बसते. स्क्रीन कोरडा दिसला की ती आत यायची, “अक्का, डब्बी फिर रूठी देखो,” म्हणायची, डबीची पिन काढायची, परत खुपसायची, आणि जाऊन बसायची. आकडे यायला लागायचे. कुणाचं काही अडायचं नाही.

पण हे माळवदकरला समजलं आणि त्याचं डोकं फिरलं. रेहानाला त्यानं भर काउंटरवर झापलं. “कॉन्फिगरेशन उडालं म्हणजे कोण जबाबदार? तू भरून देणार हायेस का?” आणि त्याच आठवड्यात तो एक पत्र्याची पेटी करवून घेऊन आला. डबी पेटीत, पेटी भिंतीवर, पेटीला कुलूप. किल्ली त्याच्या पट्ट्याला, गाडीच्या किल्लीशेजारी. चालताना ती खुळखुळायची. हळूहळू मला त्या खुळखुळीनं कपाळ दुखायला लागलं, खोटं कशाला सांगू?

कुलपावर भागलं नाही म्हणून त्यानं एक नियम आणला. मशीनच्या छोट्या पडद्यावर आकडा दिसत असतो. पूर्वी अडचणीला आम्ही तो बघून हातानं रिपोर्ट लिहून द्यायचो. त्यानं लॅबच्या मालकीणबाई, म्हणजे आमच्या डॉक्टर मॅडम, यांच्या कानात भरवलं की हाताचा रिपोर्ट म्हणजे चुकीला आमंत्रण. मॅडमनी फर्मान काढलं, रिपोर्ट सिस्टीममधून येईल तोच द्यायचा, तोंडी नाही, हाती नाही. वर वर बघितलं तर गोष्ट शहाणपणाची होती. पण डबी रुसली की सिस्टीम बंद, डबी कुलपात, आणि किल्लीवाला कुठंतरी चहा पितोय. रेहाना म्हणायची, “अब बैठो भजन करते.”

तो आला की मग सोहळा सुरू व्हायचा. दारातूनच पहिला प्रश्न, “पैलं सांगा, कुणी हात लावला?” अहो, पेटीला कुलूप घातलंय, हात लावणार कोण? भुतं? पण विचारायचाच. मग लॅपटॉप उघडायचा आणि तो उघडा लॅपटॉप आरतीच्या ताटासारखा एका तळव्यावर घेऊन खोलीभर फिरायचा. मग काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी पळवायच्या. ओळी पळाल्या की आमच्याकडं वळून, “बघा, पिंगला रिप्लाय येतोय, हाक मारली की ओ देतोय. माझा सर्व्हर जिवंत हाय. दोष तुमच्या मशीनचा.” डबी जिवंत आहे हे आम्हालाही दिसत होतं हो. जिवंत असून बोलत का नाही, हा प्रश्न होता. तो त्याला कधीच पडला नाही, किंवा पडला तरी त्यानं तोंडावर दाखवला नाही.

दोष कायम दुसऱ्याचा. मशीनचा, केबलचा, लाईटचा, उन्हाळ्याचा. एकदा तर म्हणाला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनमुळं ‘लहरी’ येतात. त्या बिचाऱ्या झेरॉक्सवाल्याला जाऊन दमही देऊन आला. शेवटी अर्धा-पाऊण तास असा घालवून तो आम्हाला खोलीतून बाहेर काढायचा, दार लोटायचा, आतून कुलूप उघडल्याचा आवाज यायचा, आणि मग आकडे यायला लागायचे. आत काय करायचा? पिन काढायचा आणि परत खुपसायचा. दुसरं काय करणार! मी दाराच्या फटीतून बघितलंय. रेहानाचीच विद्या, फक्त दार लावून.

‘माहीत नाही’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून मी ऐकले नाहीत. त्याच्याऐवजी तो “बघावं लागंल” म्हणायचा, मान थोडी वर करून, जणू आढ्यात काहीतरी दिसतंय. डॉक्टर मॅडम त्या मानेला भुलल्या. रक्तातलं सगळं कळणारी बाई, पण तारा दिसल्या की तिला धडकी भरायची. “त्यांना त्यातलं कळतं,” एवढंच म्हणायच्या. एका रविवारी त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावून त्याचं व्याख्यान ठेवलं. विषय, ‘नेटवर्कचे सात थर’. पांढऱ्या फळ्यावर त्यानं सात आडव्या रेघा मारल्या आणि खालून एकेकाचं नाव लिहीत गेला. सहावर गाडी अडली. पेन हातात, मान आढ्याकडं. मी मुद्दाम विचारलं, “सर, सातवा?” तर म्हणाला, “सातवा थर कंपनी उघड करत न्हाय.” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली. काय करता?

हे सगळं मी हसून सोडलं असतं. ऑफिसात एक तरी असा नग असतोच. पण आमच्याकडं बाकड्यावर माणसं बसलेली असतात, आणि त्यांच्या घरचं कुणीतरी कुठल्यातरी वॉर्डात त्या कागदाची वाट बघत पडलेलं असतं. हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. रोज त्यांच्यामधूनच तो चालत यायचा.

मशीनच्या कंपनीचा एक इंजिनिअर अधूनमधून पुण्याहून यायचा. त्यानं एकदा दोष शोधून माळवदकरला सांगितला, माझ्यादेखत. मला समजावं म्हणून त्यानं साध्या भाषेत सांगितलं. “मॅडम, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना? डबीत जागा एकच. तुमचा काउंटरचा कॉम्प्युटर मधेच बंद पडतो, लाईट जाते, डबी मात्र इन्व्हर्टरवर चालूच, म्हणून त्याचा रुमाल सीटवर तसाच राहतो. तो परत आला तरी डबी म्हणते, जागा धरलीय, उतरा खाली. डबीत एक सेटिंग असतं. थोडा वेळ समोरून उत्तर आलं नाही की रुमाल उचलून फेकायचा. ते तुमच्या डबीत बंद आहे. तेवढं चालू करा, परत त्रास नाही.”

इतकं साधं! मी माळवदकरकडं बघितलं. तो म्हणाला, “तसलं सेटिंग आपल्या मॉडेलात येत न्हाय.” इंजिनिअर म्हणाला, “येतं सर, मी दाखवतो, पासवर्ड टाका.” तर छाती काढून, “पासवर्ड बाहेरच्याला द्यायची पॉलिसी न्हाय आपली. बघावं लागंल.” इंजिनिअरनं खांदे उडवले आणि पुण्याची गाडी पकडली. मी डॉक्टर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, तो मशीनवाला, स्वतःच्या मशीनचा दोष दुसरीकडंच ढकलणार.” हे वाक्य कुणी शिकवलं होतं ते मला ऐकताक्षणी कळलं.

त्यानंतर अक्कलकोटच्या पुढच्या दुधनी गावचं बाळ आलं. बाळ म्हणजे त्याचं रक्त. बाळ लहान मुलांच्या दवाखान्यात होतं, आणि नळी घेऊन बाप आला होता. तरणा पोरगा, चपलेला शेतातली माती तशीच. काविळीचं प्रमाण बघायचं होतं. त्या आकड्यावर डॉक्टर ठरवणार होते की नुसत्या दिव्याखाली ठेवायचं, की अंगातलं रक्तच बदलायचं. मी नळी लावली, मशीननं आकडा दिला, आणि डबी रुसली. माळवदकरला फोन लावला. “जेवायला बसलोय. येतो.”

बाप काउंटरला चिकटून उभा. “अक्का, रिपोर्ट बंतु काय री? आलं का?” घाबरला की त्याच्या मराठीत कानडी येत होतं. “बाळ नुसतं हळद फासल्यावानी दिसतंय री. डोळं उघडंना.” माझ्यासमोर मशीनच्या पडद्यावर आकडा होता, आणि तो वाईट होता. रेहाना माझ्याकडं बघत होती. मी परत फोन लावला. माळवदकर म्हणाला, “मॅडम, घास तरी गिळू द्या की. सर्व्हर काय पळून जातोय व्हय?”

मी फोन ठेवला आणि सरळ दवाखान्यात लावला. डॉक्टरांना आकडा तोंडी सांगितला, दोनदा म्हणवून घेतला. ते म्हणाले, “बरं केलंत, आम्ही सुरू करतो,” आणि बाप चपला हातात घेऊन पळाला. माळवदकर आला तेव्हा बडीशेप चघळत होता. नेहमीचा सोहळा झाला. मी तोंडी रिपोर्ट दिला हे त्याला कळलं तेव्हा त्यानं काय करावं? डॉक्टर मॅडमकडं माझी तक्रार. मला लेखी समज मिळाली. मला त्या कागदाचं काही वाटलं नाही, पण तो ज्या चवीनं मॅडमच्या केबिनमधून बाहेर आला ना, ती चव आठवली की अजून मस्तकात तिडीक जाते.

बाळ वाचलं. काही दिवसांनी बाप पेढे घेऊन आला. मी आत होते. काउंटरजवळ माळवदकर उभा होता. बापानं विचारलं, त्या दिवशी रिपोर्टचं कुणी केलं हो? हा म्हणाला, “आमची सिस्टीम चोवीस तास चालू असती. तुमचं बाळ बरं हाय न्हवं? मग झालं तर.” आणि पुडा घेतला. बाप वाकला, ह्याच्या पाया पडला, आणि ह्यानं पडू दिलं. मला रेहानानं नंतर सांगितलं. पुडा त्यानं सगळ्यांना वाटला, माझ्यासमोरही धरला. म्हणाला, “घ्या मॅडम, दुधनीचं हायत.” मी घेतला नाही. मला गोड चालत नाही म्हणाले. चालतं.

मग त्याची आई आजारी पडली.

आई मोडनिंबला असायची, थोरल्या भावाकडं. उलट्या-जुलाबांनी पार गळून गेलेली. पाय उचलेना, छातीत धडधड. सोलापुरात आणून दवाखान्यात टाकली आणि पोटॅशियम बघायला रक्त आमच्याकडं पाठवलं. वॉर्डातला डॉक्टर नवा, कडक. छापील रिपोर्ट हातात पडल्याशिवाय पोटॅशियमची बाटली लावणार नाही म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं, त्यात जरा चूक झाली की हृदय बंद पडतं. रक्त घेऊन माळवदकर स्वतः आला. मी त्याला इतक्या घाईनं जिना चढताना पहिल्यांदा बघितलं.

मी नळी लावली. मशीननं आकडा दिला. आणि काउंटरवरून रेहानाचा आवाज आला, “अक्का, स्क्रीन पे कुछ नहीं आया.”

तो पेटीकडं वळला. डॉक्टर मॅडम दारात होत्या. आकडा तिथंच मशीनवर दिसत होता, अगदी खाली गेलेला. हातानं लिहून द्या, असं तो म्हणू शकत नव्हता. नियम त्याचाच होता आणि दवाखान्यालाही छापीलच पाहिजे होतं. मला वाटलं, आता हा आम्हाला बाहेर काढणार, दार लोटणार आणि पिन काढणार.

त्यानं दार लोटलं नाही. कुणी हात लावला, हेही विचारलं नाही. पट्ट्याची किल्ली काढून सगळ्यांसमोर कुलूप उघडलं. पिन काढून खुपसली, आकडे गेले, काउंटरवर प्रिंटर सुरू झाला. इथं काम संपलं होतं. पण तो थांबला. कारण वॉर्डातून दर थोड्या वेळानं आईचं रक्त परत येणार होतं, आणि तेव्हा तो इथं नसणार होता, आईजवळ असणार होता. त्यानं लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला, माझ्यासमोर पासवर्ड टाकला, डबीचं सेटिंगचं पान उघडलं. आणि शोधलं नाही हो त्यानं काही. इकडं तिकडं बघितलं नाही, मान आढ्याकडं गेली नाही. सरळ एका ठिकाणी गेला, एका चौकटीवर खूण केली, शेजारी आकडा लिहिला, जतन केलं, पान बंद. एवढ्या वेळात माझा हातमोजाही नीट काढून झाला नव्हता. ते सेटिंग, जे ‘आपल्या मॉडेलात येत न्हाय’, ते त्याला घरच्या न्हाणीघराच्या बटणासारखं पाठ होतं.

रिपोर्ट घेऊन तो पळाला. जिन्यावर रडत होता, रेहाना म्हणाली. आई माझी पण आहे. मला त्याची दया यायला पाहिजे होती, आणि मी मनात वाट बघितली, येते का. नाही आली. मला सारखा तो दुधनीचा पोरगा दिसत होता, काउंटरला चिकटून उभा असलेला.

आई बरी होऊन मोडनिंबला गेली. डबी त्या दिवसानंतर एकदाही रुसली नाही. लाईट गेली, कॉम्प्युटर बंद पडला, चालू झाला, आकडे आपले येतच राहिले. डॉक्टर मॅडमना त्याचा इतका आनंद झाला की लॅबच्या वर्धापनदिनाला त्यांनी माळवदकरचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, सोलापुरी टॉवेल. “इतक्या वर्षांचा प्रॉब्लेम सरांनी चिकाटीनं सोडवला,” असं मॅडम बोलल्या. त्यानं उत्तराचं भाषण केलं. कसे दिवसरात्र प्रयत्न केले, कसा अभ्यास केला, ‘मॅन्युअल पिंजून काढलं’ असंही म्हणाला. टाळ्या वाजल्या. रेहानानं माझ्याकडं बघून नुसते ओठ हलवले, काय म्हणाली ते इथं लिहिता येत नाही.

लगेचच त्याला पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या ठिकाणी नोकरी लागली, त्याच सत्काराच्या फोटोवर लागली असेल. त्यानंतर मी त्याला बघितलेलं नाही. मी त्याला शेवटचं नीट बघितलं ते त्या सत्काराच्या दुपारीच, खाली गाड्या लावतात तिथं. अंगावर शाल तशीच, नारळ गाडीच्या डिकीत बसेना म्हणून खटपट चाललेली. आजूबाजूला कुणी नव्हतं. माझ्यानं राहवलं नाही.

“सर,” मी म्हटलं, “एक विचारू? ते सेटिंग तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना?”

“व्हय की,” तो म्हणाला. नारळ टॉवेलात गुंडाळत होता.

“मग आधी का नाही केलंत?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर ना लाज, ना राग. प्रश्न त्याला खरंच कळला नव्हता.

“आधी एवढी घाई कुटं हुती, मॅडम?”